नौदल मोहिमेवर जातं की कामगिरीवर?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका शिक्षिकेनं विचारलंय. त्यांच्या वर्गातल्या मुलीनं 4 डिसेंबरच्या नौदल दिनासाठी भाषण लिहून आणलं, मथळा 'आधुनिक आरमाराच्या भूमिका आणि मोहिमा'. तपासणाऱ्या सरांनी 'आरमार' खोडून 'नौदल' केलं आणि आत 'नौदलाची सौम्य भूमिका' असं होतं, त्याखाली लाल रेघ ओढून प्रश्नचिन्ह काढलं. बाईंचे प्रश्न दोन. आरमार चूक कसं? आणि इंग्रजीतल्या रोल, मिशन, ऑपरेशन, टास्क यांना मराठीत चार वेगळे शब्द आहेत, की सगळ्यांना 'मोहीम' म्हणून मोकळं व्हायचं?

बाई, आधी त्या 'सौम्य'बद्दल, कारण तिथं मुलीचा काही दोष नाही. जगातली अनेक नौदलं आपलं काम साधारण चार भागांत सांगतात: लढाईचं, राजनयाचं म्हणजे परदेशांशी संबंध राखण्याचं, पोलिसी आणि चौथं 'बिनाइन', म्हणजे ज्यात बळाचा वापर नाही असं. पूर-वादळात मदत, समुद्रात अडकलेल्यांची सुटका, सागरतळाचं सर्वेक्षण हे सगळं त्या चौथ्यात. भारतीय नौदलाच्या सागरी सिद्धान्तातही, म्हणजे नौदलानं आपलं काम मांडलेल्या दस्तऐवजातही, हीच चौकट आहे. आता कोशात 'बिनाइन'समोर 'सौम्य' सापडतो. डॉक्टर ज्या गाठीला बिनाइन म्हणतात तिला तो चालेलही, पण मराठीत 'सौम्य भूमिका घेतली' म्हटलं की कुणीतरी कुणाला तरी सोडून दिलं असंच वाटतं. नौदल शत्रूशी जरा नरमाईनं वागलं, असा अर्थ लागतो. तिथं सरळ 'मदतकार्य' लिहावं. सर्वेक्षण त्यात बसत नसेल तर ते वेगळं सांगावं. एका विशेषणात सगळं कोंबायची हौस इंग्रजीला आहे, आपल्याला नाही.

दुसरी अडचण खुद्द 'भूमिका'ची. हा शब्द नाटकातून आला खरा, पण वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ केव्हाच हलवला. 'मुख्यमंत्र्यांनी भूमिका स्पष्ट केली' यात कोणी रंगमंचावर चढलेलं नसतं. म्हणणं मांडलेलं असतं. त्यामुळे 'नौदलाची भूमिका' वाचल्यावर पुढं एखाद्या वादावर नौदलाचं मत येईल असं वाटतं. अनेकवचनात तर 'नौदलाच्या भूमिका' म्हणजे रोज मत बदलणारं नौदल! रोलसाठी मी 'जबाबदारी' वापरतो. लढाई, राजनय, पोलिसी काम, मदत या नौदलाच्या चार जबाबदाऱ्या. कुठंच अडत नाही.

आता मिशन आणि ऑपरेशन. लष्करी भाषेत ही उतरंड असते: जबाबदारी कायमची, तिच्यातून उद्दिष्ट ठरतं, उद्दिष्टासाठी मिशन आणि मिशनसाठी बारीक बारीक कामं, म्हणजे टास्क. मिशनला मराठीत जुना, अगदी चपखल शब्द आहे, 'कामगिरी'. 'त्याला कामगिरीवर धाडलं' यात कुणीतरी हुकूम देतो, एक काम नेमून देतो आणि माणूस ते करून परत येतो. मिशन म्हणजे नेमकं हेच. अडचण एवढीच की क्रिकेटवाल्यांनी 'कामगिरी' परफॉर्मन्ससाठी पळवली. पण क्रियापदाकडे बघा. 'कामगिरी केली', 'कामगिरी चांगली झाली' म्हणजे परफॉर्मन्स. 'कामगिरीवर गेली', 'कामगिरी सोपवली' म्हणजे मिशन. मराठी माणूस यात सहसा चुकत नाही.

मोहीम मात्र मोठी. तिला सुरुवात असते, शेवट असतो, तयारी असते, बहुतेकदा नावही असतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघत त्या मोहिमेवर, कामगिरीवर नव्हे. म्हणून ऑपरेशनला मोहीम.

एकाच जहाजावर हे सगळे शब्द लावून दाखवतो. मी वास्कोचा. आमच्याकडे गोवा शिपयार्डमधून जहाज पाण्यात उतरलं की बातमी पेपरच्या आधी भाजीच्या गाड्यावर पोचते. तिथं बांधलेलं 'आयएनएस सुमित्रा' हे गस्ती जहाज. 2015 मध्ये येमेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा भारतानं आपली माणसं बाहेर काढायला 'ऑपरेशन राहत' चालवलं. ती मोहीम. सुमित्रा एडनच्या बंदरात शिरली आणि पहिल्याच खेपेला 349 जणांना घेऊन जिबूतीला गेली. ती तिची कामगिरी. त्यामागची जबाबदारी मदतीची. पुढं जानेवारी 2024 मध्ये हीच सुमित्रा सोमालियाच्या पूर्वेला चाचेगिरीविरोधी कामगिरीवर होती आणि दोन दिवसांच्या आत चाच्यांनी धरलेल्या दोन इराणी मासेमारी नौका तिनं सोडवल्या. त्यातल्या एकीवरचे 19 खलाशी पाकिस्तानी होते. जहाज तेच, पण इथं जबाबदारी पोलिसी. तिच्याच वर्गातलं, वास्कोतच बांधलेलं 'सुमेधा' 2023 मध्ये सुदानहून 278 माणसं घेऊन जेद्दाला गेलं, ते 'ऑपरेशन कावेरी'. ज्या जहाजाचं नुसतं नाव वाचून आपण 'गस्ती' म्हणून सोडून देतो, ते अशी कामं करत असतं.

पोलिसी कामाला इंग्रजीत 'कॉन्स्टॅब्युलरी' म्हणतात. तिथं मला 'कोतवाली' आवडतो, मग कुणी हसलं तरी हसो. समुद्रावरची कोतवाली आपल्या किनाऱ्याला नवी नाही. पोर्तुगीज इथं आले तेव्हा त्यांनी 'कर्ताझ' नावाचा परवाना काढला. तो नसलेलं व्यापारी जहाज पकडायचे. पुढं कान्होजी आंग्र्यांनी आपले परवाने चालू केले, तर इंग्रज त्यांना चाचा म्हणू लागले. कोतवाल कोण आणि चाचा कोण, हे तेव्हा दप्तर कुणाच्या हातात आहे त्यावर ठरत होतं. आज त्यासाठी कायदा आहे. मार्च 2024 मध्ये 'रुएन' या व्यापारी जहाजावरून धरलेले 35 सोमाली चाचे 'आयएनएस कोलकाता'नं मुंबईला आणले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले. युद्धकैदी नाही, आरोपी. कोतवाली शब्द इथं अगदी शोभतो.

तिकडे लढाईच्या जबाबदारीत एक शब्द सगळे चुकवतात. अण्वस्त्रधारी पाणबुडी फेरीवर निघते तिला 'गस्त' लिहितात. ब्रिटनची अशी एक तरी पाणबुडी 1969 पासून सतत समुद्रात असते. आपल्या 'अरिहंत'नं पहिली फेरी 2018 मध्ये पूर्ण केली. पण गस्तवाला काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरतो, मी आहे हे ऐकू जावं म्हणून. या पाणबुडीचं सगळं काम न दिसण्यात. ती बसवते तो 'वचक', आणि वचक हा शब्द असताना इंग्रजी 'डिटरन्स'साठी 'प्रतिरोधन' का घडवावं हे मला आजवर कळलेलं नाही.

राजनयाच्या भागात अजून एक सापळा आहे. परदेशी बंदराला युद्धनौका भेट देते त्याला इंग्रजीत झेंडा दाखवणं म्हणतात. मराठीत झेंडा दाखवला तर तो हिरवा तरी असतो, नाहीतर काळा तरी. तिथं 'सदिच्छा भेट' लिहा आणि सोबत तोफाही आहेत हे वाचकाला कळू द्या.

आता सरांनी खोडलेलं 'आरमार'. पोर्तुगीजमधल्या 'आर्मादा'वरून ते आपल्याकडे आलं. पगार, चावी, बटाटा आले त्याच वाटेनं. आर्मादाचा मूळ अर्थ 'शस्त्र धारण केलेली'. 'नौदल'मधला 'नौ' संस्कृत, लॅटिनमधल्या 'नाविस'चा सख्खा भाऊ, म्हणजे 'नेव्ही' आणि 'नौदल' एकाच घरचे. ग्रीकमध्ये त्याच मुळापासून मळमळीचा 'नॉशिया' निघाला. आपण त्यालाच 'बोट लागणं' म्हणतो, तेही बोटीवरूनच. शिवाजी महाराजांचं होतं ते आरमार, आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथानं त्याला स्वतंत्र राज्यांग म्हटलं. आजच्या भारतीय दलाला मराठीत 'नौदल' रूढ आहे आणि 'नौसेना' हे हिंदीतलं अधिकृत नाव. म्हणून भाषणात आजच्या दलाला नौदल म्हणावं, सरांचं बरोबर. पण 'अमुक देशाचं आरमार मोठं' असं जहाजांच्या ताफ्याबद्दल बोलताना आरमार अजून जिवंत आहे. ते खोडणं जरा घाईचं झालं.

शिवाय नाव काय घेतलंय त्यावरून देश बरंच सांगतो. जपाननं युद्धानंतर 'नौदल' हा शब्दच टाळला. त्यांचं आहे 'सागरी स्वसंरक्षण दल', जहाजं मात्र कुणाहून कमी नाहीत. चीनचं नाव शब्दशः घेतलं तर 'जनमुक्ती सेनेचं नौदल', म्हणजे सेना आधी. बोलिव्हियाला 1880 च्या सुमारास चिलीशी झालेल्या युद्धानंतर समुद्रच उरला नाही, तरी नौदल आहे आणि ते टिटिकाका सरोवरात फिरतं. भाषणात ही गोष्ट घाला, मुलं ऐकतील.

एक राहिलं. भाषणात तिनं 'नौदलाचे तटरक्षक दल' असं लिहिलंय. तटरक्षक दल वेगळं आहे, 1977 मध्ये उभं राहिलेलं. दोन्ही संरक्षण मंत्रालयाखाली असले तरी एक दुसऱ्याचा भाग नाही. खारीवाड्याच्या जेटीवर हा फरक कुणाला शिकवावा लागत नाही. गेल्या मे महिन्याच्या शेवटी, मासेमारीबंदीच्या आधी, ट्रॉलर आत घेण्याची घाई चालली होती. तिथल्या एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, मी मुद्दाम विचारलं, नौदल म्हणता की आरमार? जाळं गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "कागद मागता ती कोस्टगार्ड. वयल्यान आवाज करीत वता ती नेव्ही." वर बघितलं तर दाबोळीहून उडालेलं नौदलाचं मिग विमान होतं.

तर मथळा 'आधुनिक नौदलाच्या जबाबदाऱ्या आणि कामगिऱ्या' करा. 'कामगिऱ्या' हे अनेकवचन कानाला खटकत असेल तर 'जबाबदाऱ्या आणि मोहिमा' ठेवा, आत मात्र एकेका जहाजाला कामगिरीवरच पाठवा.