मराठी भाषांतरासाठी फॉर्मल ग्रामर वापरण्यात आता काही अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’मध्ये कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर (‘वाक्य → कर्ता क्रियापद’ अशा नियमांनी वाक्य बांधणारं फॉर्मल, म्हणजे गणिती व्याकरण) शिकलात, आणि तेच वापरून मराठी वाक्याचा अर्थ लावायचा, भाषांतर करायचं असा प्रोजेक्ट करता येईल का, की ढीगभर मजकुरावरून आपोआप भाषांतर शिकणाऱ्या न्यूरल मॉडेलच्या जमान्यात ती मेहनत फुकट जाईल?

करता येईल, आणि जरूर करा. फक्त ‘मराठी ते इंग्रजी भाषांतर’ एवढा मोठा विषय घेऊ नका. लहान, बंदिस्त विषय घ्या, जिथे एक शब्द चुकला तर कुणाचं तरी खरोखर अडतं. पुण्यात आहात म्हणून सुचवतो: महापालिकेचं पाणी बंदचं प्रकटन. गुरुवारी दुरुस्तीमुळे पाणी बंद आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’, हे वाक्य पुणेकरांना तोंडपाठ आहे. रचना ठरलेली, शब्द मोजके, आणि बाहेरून आलेल्या, मराठी न वाचता येणाऱ्या माणसाला त्याचा नेमका अर्थ कळायलाच हवा.

आता या मजकुरातला एक तुकडा जवळून बघा: ‘कोथरूड व सिंहगड रस्त्याचा काही भाग’. पाणी कुठे बंद? पूर्ण कोथरूडमध्ये आणि सिंहगड रस्त्याच्या काही भागात, की दोन्हींच्या काही काही भागात? ग्रामर लिहिलंत की दोन वेगळे ट्री (वाक्याची फोड दाखवणाऱ्या झाडासारख्या आकृत्या) तुमच्यासमोर येतात. न्यूरल मॉडेल यातला एक अर्थ गुपचूप निवडतं आणि छान इंग्रजी वाक्य देतं. निवड झाली हे वाचणाऱ्याला कळतही नाही. याउलट ‘कर्वे रस्ता व सिंहगड रस्त्याचा काही भाग’ लिहिलं, तर पहिल्या नावाचं सामान्यरूप (रस्ता → रस्त्या-) झालेलं नाही, म्हणून कर्वे रस्ता पूर्ण बंद या अर्थाकडे कल झुकतो. हा कल नियमाला वजन देऊन लिहिता येतो. मला फॉर्मल ग्रामरचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं: संदिग्धता कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं.

एक धोका आधीच सांगतो. ‘भाग → भाग व भाग’ असा नियम लिहू नका. प्रकटनात दहा भागांची यादी असली तर त्या एका नियमाने ४८६२ ट्री तयार होतात (कंस किती प्रकारे लावता येतात ते मोजणारी कॅटलन संख्या आठवा), आणि अर्थ सगळ्यांचा एकच. यादीसाठी सपाट नियम लिहा, म्हणजे सगळे भाग एकाच पातळीवर येतील.

अर्थाचं म्हणाल, तर मूळ कल्पना तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यूची, १९७० च्या आसपासची. व्याकरणाच्या प्रत्येक नियमाला अर्थाचा एक नियम जोडायचा. तुकडे जसे जुळतात तसेच अर्थ जुळतात, आणि शेवटी लॉजिकचं सूत्र हातात येतं. ‘सर्व भागांत पाणी येणार नाही’ हे वाक्य घ्या. एक सूत्र म्हणतं, कुठल्याच भागात पाणी नाही. दुसरं म्हणतं, काही भागांत येईल, सगळ्यांत नाही. फरक इतकाच की नकार ‘सर्व’च्या आत आहे की बाहेर. मराठी वाक्य दोन्ही अर्थ पोटात ठेवतं. इंग्रजीत लिहिताना मात्र बहुतेक वेळा एक धरून दुसरा सोडावा लागतो. हंडे-बादल्या भरून ठेवायच्या की नाही हे त्या निवडीवर ठरतं.

सिलॅबसमधलं साधं कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर मराठीला लगेच अपुरं पडतं. ‘मुलीने आंबा खाल्ला’, ‘मुलाने कैरी खाल्ली’: क्रियापद कर्माच्या मागे जातं. आणि ‘आईने मुलीला उठवलं’मध्ये ते कोणाचंच ऐकत नाही, सरळ नपुंसकलिंगी होतं. हे सगळं नुसत्या नियमांत कोंबायचं तर नियमांची संख्या हाताबाहेर जाते. म्हणून लिंग, वचन, विभक्ती ही माहिती फीचर म्हणून वेगळी ठेवतात आणि जुळते का ते तपासतात.

याच वळणावर पुण्याचा माणूस भेटतो. अरविंद जोशी १९२९ साली पुण्यात जन्मले, पुणे विद्यापीठातून इंजिनिअर झाले आणि पुढे आयुष्यभर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवलं. १९७५ साली त्यांनी लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासोबत जी पद्धत मांडली ती आज ट्री ॲडजॉइनिंग ग्रामर, म्हणजे टॅग, म्हणून ओळखली जाते. यात नियम म्हणजे छोटे छोटे तयार ट्री. क्रियापद आपल्या सगळ्या सोबत्यांसकट एका ट्रीमध्ये येतं, आणि विशेषणं, क्रियाविशेषणं मधूनच घुसवता येतात. त्याची किंमत मोजावी लागते: कॉन्टेक्स्ट-फ्री पार्सिंगचा, म्हणजे वाक्याची फोड करण्याचा, वेळ वाक्याच्या लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढतो, टॅगचा सहाव्या घाताने.

भाषांतराला याचा फायदा काय? ‘मला कादंबरी आवडली’ हे वाक्य बघा. मराठीत कादंबरी क्रियापदाला चालवते आणि मी ‘-ला’ लावून बाजूला बसतो; इंग्रजीत मी कर्ता आणि कादंबरी कर्म. शब्दाला शब्द लावत गेलात तर इथे अडखळाल. टॅगमध्ये ‘आवडणे’चा अख्खा ट्री इंग्रजीच्या अख्ख्या ट्रीशी जोडायचा आणि कुठली जागा कुठल्या जागेशी जाते ते बांधून टाकायचं. ही जोड-ट्रीची कल्पना शीबर आणि शाबेस या संशोधकांनी १९९० मध्ये मांडली. आणि आपल्याच शहरातल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘मंत्र’ ही इंग्रजी-हिंदी भाषांतर प्रणाली टॅगवरच उभी केली, तीही सरकारी कामकाजाच्या आणि राज्यसभेच्या कागदपत्रांसाठी, म्हणजे पुन्हा बंदिस्त विषयासाठी. कॅनडात हवामानाची बुलेटिन इंग्रजीतून फ्रेंचमध्ये नेणारी मेटिओ प्रणाली १९७७ पासून रोज चालली, तिचंही गमक तेच.

मर्यादाही आहेत. ‘पर्वती बंद’ म्हणजे जलकेंद्र बंद की पर्वती भागात पाणी बंद, हे व्याकरण सांगू शकत नाही. त्यासाठी शहर माहीत असावं लागतं. १९६० साली यंत्र-भाषांतराचा अभ्यासक बार-हिलेलने नेमका हाच आक्षेप घेतला होता, आणि तो आजही खरा आहे. मोकळ्या मजकुरासाठी, कथा-बातम्या-गप्पांसाठी, नियमांच्या जोरावर न्यूरल मॉडेलशी स्पर्धा करू नका.

प्रत्यक्ष कामासाठी ग्रामॅटिकल फ्रेमवर्क ही व्याकरणं लिहिण्याची प्रोग्रामिंग भाषा बघा. आर्ने रांटा यांनी १९९८ मध्ये झेरॉक्समध्ये सुरू केलेलं, मोफत आणि ओपन सोर्स. यात आधी भाषा बाजूला ठेवून अर्थाचा सांगाडा लिहितात: कुठला भाग, कुठला वार, पाणी बंद की उशिरा की कमी दाबाने. मग तोच सांगाडा मराठीत कसा बोलायचा आणि इंग्रजीत कसा, ते वेगवेगळं लिहितात. भाषांतर म्हणजे मराठीतून सांगाड्यापर्यंत जायचं आणि तिथून इंग्रजीत उतरायचं. हिंदी नंतर जोडायची असेल तर सांगाड्याला हात लावावा लागत नाही.

सुरुवात पार्सरपासून करू नका, नावांच्या रूपांपासून करा. सदाशिव पेठेत, कॅम्पात, पण कोथरूडमध्ये, औंधला, डेक्कनला: कुठल्या नावाचं सामान्यरूप होतं आणि कुठल्याचं नाही, याचा तक्ता आधी बनवा. निम्मा प्रोजेक्ट तिथेच आहे. डेक्कन कॉलेजमध्ये भाषाविज्ञान विभाग आहे. तिथल्या कुणाला तरी तो तक्ता दाखवाच. जुनी प्रकटनं जमवा आणि त्यातली काही चाचणीसाठी बाजूला ठेवा. चाचणी ब्लू स्कोअरवर (नमुना भाषांतराशी शब्द किती जुळतात ते मोजणाऱ्या आकड्यावर) सोडू नका, कारण वाक्यातला एक ‘नाही’ गळला तरी तो स्कोअर फारसा हलत नाही. मराठी न येणाऱ्या मित्राला इंग्रजी निकाल वाचायला द्या आणि तीनच गोष्टी विचारा: पाणी कुठे बंद, कधीपासून, आणि परत कधी येणार.