मेंदूच्या आजारांवर संशोधन करायचे, तर एमबीबीएसच हवे का?

(कराडहून एका मातेचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेतून जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झाली आणि नीटसाठी एक वर्ष थांबली. गुण वाढले, परंतु शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसची जागा मिळाली नाही. घरच्यांच्या मते तिने आणखी एक वर्ष द्यावे. मुलगी मात्र म्हणते, की तिला मेंदूच्या आजारांवर संशोधनच करायचे आहे. घरात धाकट्या काकांवर नैराश्याचे उपचार चालू आहेत. औषध सुरू झाल्यावर तीन आठवडे गुण आला नाही, तेव्हापासून "गोळी पोटात गेली त्याच दिवशी काम करत असेल, तर उतार पडायला इतका वेळ का?" हा प्रश्न तिने धरून ठेवला आहे. डॉक्टर न होता या क्षेत्रात जाता येते का, किती वर्षे लागतात आणि पुढे पोटापाण्याचे काय, असे मातेने विचारले आहे.)

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

आपल्या तीन प्रश्नांकडे वळण्याआधी आपल्या मुलीच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण माझा सल्ला बराचसा त्यावरच उभा आहे. तिने जे विचारले, तेच नैराश्याच्या औषधांवर काम करणारे संशोधक गेली कित्येक दशके विचारत आले आहेत. सध्या सर्रास दिली जाणारी बहुतेक औषधे चेतापेशींच्या जोडांमध्ये सेरोटोनिनसारखी रसायने अधिक काळ टिकवून ठेवतात आणि हा परिणाम काही तासांतच सुरू होतो. रुग्णाला बरे वाटू लागायला मात्र अनेक आठवडे जातात. याचा अर्थ असा, की रसायन वाढणे ही केवळ सुरुवात असावी आणि खरा बदल त्यानंतर पेशींमध्ये सावकाश घडत असावा. अमेरिकेतील येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेने हाच धागा पकडला. ही औषधे दीर्घकाळ दिल्यास उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात नव्या चेतापेशी अधिक प्रमाणात तयार होतात आणि पेशींचे पोषण करणारे बीडीएनएफ नावाचे प्रथिन वाढते, हे त्यांच्या गटाने दाखवले.

याच प्रयोगशाळेत पीएचडी केलेल्या संशोधिका म्हणजे डॉ. विदिता वैद्य. त्यांचे नाव आवर्जून घेतो, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वाटचालीत आहे. त्यांनी एमबीबीएस केलेले नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून बीएस्सी, येलमधून पीएचडी, त्यानंतर स्टॉकहोमची कारोलिन्स्का संस्था आणि ऑक्सफर्ड येथे पुढील संशोधन, आणि 2000 सालापासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत म्हणजे टीआयएफआरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा, असा त्यांचा प्रवास आहे. 2015 साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, तोही वैद्यकीय विज्ञान या विभागात, आणि 2022 साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या घरी आईवडील दोघेही डॉक्टर आणि संशोधक होते, हेही सांगायला हवे. तसे वातावरण प्रत्येक मुलीला लाभत नाही, म्हणून आपल्याकडे माहितीची जुळवाजुळव थोडी अधिक करावी लागेल, इतकेच.

आपल्या मुलीच्या प्रश्नाशी थेट भिडणारे एक काम त्यांच्या प्रयोगशाळेने 2010 साली प्रसिद्ध केले. इमिप्रामिन हे नैराश्यावरील जुने औषध. त्याच्या जोडीला मेंदूतील एका विशिष्ट प्रकारच्या ॲड्रेनालिन-ग्राहीला (म्हणजे ॲड्रेनालिनसारख्या रसायनांचा संदेश पकडणाऱ्या पेशीवरील प्रथिनाला) अडवणारे योहिम्बिन हे रसायन दिले, तर नव्या पेशी निर्माण होणे, त्या परिपक्व होणे आणि प्राण्याच्या वागण्यात फरक पडणे या सर्व गोष्टी लवकर घडून येतात, असे त्यांना उंदीर वर्गातील प्राण्यांमध्ये आढळले. औषधाला लागणारा उशीर निदान प्राण्यांमध्ये तरी कमी करता येतो, असा त्याचा अर्थ. परंतु प्राण्यांमधला असा निष्कर्ष माणसाच्या उपचारापर्यंत पोहोचायला फार मोठा पल्ला असतो, आणि बहुतेक निष्कर्ष तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी किती प्रमाणात तयार होतात, यावर 2018 साली दोन नामांकित गटांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष मांडले आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. ज्या व्यक्तीला पक्क्या उत्तराशिवाय चैन पडत नाही, तिला हे क्षेत्र फार छळते.

हे काम रोजच्या रोज कसे दिसते, तेही मुलीला सांगावे, कारण दूरदर्शनवरील मेंदूच्या रंगीत चित्रांवरून त्याचा अंदाज येत नाही. वागणूक तपासण्याची एक पद्धत अशी असते, की भुकेल्या उंदराला अनोळखी, उजेड असलेल्या पेटीत सोडायचे, मधोमध खाऊ ठेवायचा आणि तो भीती टाकून खाऊपर्यंत यायला किती वेळ घेतो, ते मोजायचे. त्यानंतर प्राण्याचा मेंदू काढून, गोठवून त्याचे काप करायचे. हे काप मिलिमीटरच्या काही शतांशाइतके पातळ असतात. ते द्रावणात तरंगत असतात आणि बारीक कुंचल्याने एकेक उचलून काचपट्टीवर सुरकुती न पडू देता पसरावे लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली नव्या पेशींवरील खुणा मोजायच्या, आणि मोजणाऱ्याला कोणती काचपट्टी औषध दिलेल्या प्राण्याची आहे हे ठाऊक नसावे, अशी व्यवस्था ठेवायची, म्हणजे मनातील अपेक्षा आकड्यांत उतरत नाही. यात महिने जातात. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी लागते आणि नियम कडक असतात. तरीही प्राण्याचा जीव घेणे आपल्या मुलीला मनापासून मान्य आहे का, हे तिने आत्ताच स्वतःला विचारलेले बरे. नसेल, तर मानवी मेंदूच्या प्रतिमांवर किंवा संगणकीय प्रारूपांवर काम करण्याचे मार्ग आहेत. त्यासाठी गणित मात्र चांगले लागते.

एमबीबीएसचा मार्ग मी गौण मानत नाही. नवे औषध प्रत्यक्ष रुग्णांना देऊन पाहायचे, चाचण्यांची जबाबदारी घ्यायची, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ असावे लागते. केटामाइन या भूल देण्याच्या औषधाच्या अल्प मात्रेने नैराश्य काही तासांत हलके होऊ शकते, हे येलमधील मानसोपचारतज्ज्ञांनी 2000 साली मोजक्या रुग्णांवर दाखवले. त्याच कुळातील एस्केटामाइनचा नाकात मारायचा फवारा अमेरिकेत 2019 साली मंजूर झाला. म्हणजे उशिराचा हाच प्रश्न डॉक्टरांनीही आपल्या बाजूने सोडवायला घेतला. यावरून मुलीने ठरवायचे ते असे, की तिला काकांसारख्या माणसांसमोर बसून त्यांची तब्येत पाहायची आहे, की तब्येत सुधारायला वेळ का लागतो याचे कारण पेशींमध्ये शोधायचे आहे. पत्रावरून मला दुसरे वाटते, पण हे तिने स्वतः म्हणायला हवे. आपण किंवा मी तिच्या वतीने म्हणून चालणार नाही.

आता मार्ग. पुण्याच्या आयसरसह (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) देशभरातील आयसर संस्थांमध्ये पाच वर्षांचा एकत्रित बीएस-एमएस अभ्यासक्रम असून त्यासाठी आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते. या परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित असे चारही विषय असतात. बारावीला गणित नसले तरी परीक्षेत ते सुटत नाही, म्हणून अकरावी-बारावीच्या गणिताची पुस्तके तिने आजच हातात घ्यावीत. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातील मूलभूत विज्ञान केंद्रात एकत्रित एमएस्सी करता येते आणि त्यासाठी नेस्ट ही परीक्षा असते. बारावी कोणत्या वर्षी उत्तीर्ण झालेली असावी, याविषयी अशा परीक्षांना अटी असतात आणि त्या बदलत राहतात; वर्ष वाया घालवण्यापूर्वी त्या वर्षीचे सूचनापत्रक नीट वाचावे.

यांपैकी काही जमले नाही, तर साधी बीएस्सी करण्यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी काहीही चालेल, मात्र सोबत संख्याशास्त्र आणि थोडे संगणकाचे प्रोग्रॅमिंग शिकावे. त्यानंतर टीआयएफआर आणि बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांची सामाईक प्रवेश परीक्षा देता येते. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत मेंदूविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, हरियाणातील मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेमध्ये तर रुग्णालय व संशोधन एकाच आवारात चालते. आजारांविषयीच ओढ असेल, तर मला स्वतःला निम्हान्सचे वातावरण अधिक उपयुक्त वाटते.

वर्षांचा हिशेब स्पष्ट सांगतो. पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षे, पीएचडीला साधारण पाच ते सहा, आणि प्राध्यापकपद हवे असेल तर त्यापुढे आणखी काही वर्षे देशात किंवा परदेशात. एवढ्यात तिची तिशी उलटेल, अशी शंका आपल्याला आली तर ती रास्त आहे. मात्र पीएचडीची वर्षे घरच्यांच्या पैशावर काढावी लागत नाहीत: केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37 हजार आणि पुढे 42 हजार रुपये आहे, शिवाय घरभाडे भत्ता. ही रक्कम कधीकधी उशिरा हाती पडते, हेही ध्यानात असू द्यावे. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ; म्हणून पीएचडीनंतर अनेक जण औषधनिर्मिती कंपन्या, वैद्यकीय चाचण्यांचे व्यवस्थापन, विदा (डेटा) विश्लेषण किंवा वैद्यकीय लेखन यांकडे वळतात. तेथे पगार बरे असतात आणि त्याकडे वळलेल्यांना कोणी अपयशी समजू नये.

माझे मत असे, की तिने केवळ नीटसाठी दुसरे वर्ष घरी काढू नये. यंदा बीएस्सीला प्रवेश घ्यावा, गणित सुरू करावे आणि अटींत बसत असेल तर पुढील वर्षी आयसर व नेस्ट द्यावी. याच काळात तिला रुग्णांकडे ओढ वाटू लागली, तर नीट पुन्हा देण्याची वाट बंद झालेली नसेल. टीआयएफआरतर्फे "चाय अँड व्हाय?" ही सर्वांसाठी खुली व्याख्याने होतात. त्यांतील एखाद्याला तिला जरूर पाठवावे आणि तिथे भेटणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला, प्रयोग फसतो तेव्हा तो काय करतो, हे तिने विचारावे.

एक विनंती मात्र आग्रहाने करतो. वर लिहिलेले बहुतेक प्रयोग प्राण्यांवरील आहेत. त्यांवरून काकांच्या औषधात घरच्या घरी काही बदल करू नये, गुण येईना म्हणून गोळी थांबवूही नये. उशिराविषयी जे विचारायचे असेल ते त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे आणि काकांची हरकत नसेल, तर पुढच्या भेटीला मुलीलाही सोबत न्यावे.

आपला विश्वासू,
करिअर मार्गदर्शक