पिशवी बदलू नका, ताई

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कापसाच्या जिनिंगमधलं यजमानांचं काम सुटलं, तेव्हापासून अमळनेरजवळच्या तुमच्या गावात केशरी कार्डावरचं धान्य उचलताय. गल्ली झोपलेली बघून भरदुपारी दुकानावर जाता आणि तांदूळ साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणता. थोरल्या जाऊबाई चारचौघींत म्हणाल्या, "आमना घरमा रेशनना तांदूय कोनीच खात नही." आता आठवीतली लेकही शाळेत डबा उघडत नाही. "बंद करू का रेशन?" असं विचारलंय.

नका करू. चौघांचं माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला २० किलो धान्य होतं. ते दुकानातून विकत आणायचं, तर लेकीच्या वह्या-पुस्तकांवरच गदा यायची.

हे धान्य कोणी दया म्हणून देत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो तुमचा हक्क आहे, आणि त्याच कायद्याने कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लागतं. म्हणजे तुमचं. जाऊबाईंकडे शेती आहे ना? मग पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये येत असतील, २००० चे तीन हप्ते. हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला की पारावर मोठ्याने वाचला जातो. तो पैसाही सरकारचाच, पण तो काही कोणी पदराआड लपवत नाही. (हे त्यांना ऐकवू मात्र नका. भांडण वाढेल, तांदूळ तेवढाच राहील.)

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिथे मिळालेली सुकडी आणि रेशनवरचा तो लालसर मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, याच्या गोष्टी ती आम्हा नातवंडांना रंगवून सांगायची. लाज वाटल्याचं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सगळा गावच खडी फोडत होता, लाजायचं कोणापुढे? तुमची अडचण ही, की तुम्हाला आपण एकट्याच वाटतो. जरा बघा, त्या दुकानात अंगठा लावणाऱ्या तुमच्या गल्लीतल्या किती जणी आहेत.

लेकीचं बोलणं मला जास्त लागलं. भातातले "प्लास्टिकचे" दाणे ती वेचून ताटाच्या कडेला ठेवते म्हणता. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून केलेले दाणे आहेत, १०० किलोला १ किलो या मापाने मिसळलेले. रंगाने जरा वेगळे दिसतात, धुताना काही वर तरंगतात, एवढंच. वाढत्या वयाच्या पोरीला तर ते हवेतच.

पण ती लाजायला शाळेत शिकली नाही, ताई. तुम्ही पिशवी बदलताना तिने पाहिलंय. पुढच्या महिन्यात तिला बरोबर न्या, सकाळी, सगळे असताना. मशीनची पावती तिलाच वाचू द्या आणि वजन काट्यावर बघू द्या. दुकानदार कमी देत असेल किंवा वेडंवाकडं बोलत असेल, तर १९६७ वर फोन करा.

शेवटी भीत भीत विचारलंय, आपल्या खानदेशच्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांना हे गहू चालतील का? चालतील की. कानबाईला माप सव्वाचं लागतं, पोतं कुठलं हे ती विचारत नाही. फक्त दळायला टाकण्याआधी नीट निवडून घ्या, खडे असतात.