अलार्मचा आवाज किती मोठा ठेवावा, हे सगळ्यात शेवटी ठरवा

तुम्ही सोलापुरातच इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. आयसीयूतल्या सिस्टरांसाठी मराठीतून बोलणारा अलार्म बनवताय, जोडीला मोबाईलवर नोटिफिकेशन, आणि विचारताय की आवाज किती मोठा हवा. मी बावीस वर्षं आयसीयूत काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आवाजाचं नंतर बघू.

आधी ते बोलणं काढून टाका. 'बेड तीन, ऑक्सिजन कमी' असं यंत्र म्हणालं की मला कळेल, तसं बेड तीनवरच्या माणसालाही कळेल. तो पुष्कळदा शुद्धीवर असतो. आणि ऑक्सिजन मोजायला लावलेला बोटातला प्रोब नुसता निसटलेला असला तर? तोवर दाराबाहेरचे नातेवाईक मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांत रडायला लागलेले असतील. मोबाईलही नको. हातात ग्लोव्हज असतात, खिशातला फोन काढायचा कुणी?

माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते. खटखटाटात शेजारच्याचं बोलणं कळायचं नाही, पण त्यांच्या मागांपैकी एक जरी थांबला तरी पाठमोरे असून ते वळायचे. धागा तुटला की माग आपोआप थांबतो. थांबला म्हणजे काम ठरलेलं, जाऊन गाठ मारायची. आमच्या मॉनिटरचं उलट आहे. तो वाजतो, मी जाते, आणि बहुतेक वेळा तिथे करायला काही नसतं. हे फक्त आमच्याकडे नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात ७७ आयसीयू खाटांवर ३१ दिवस मोजणी झाली, ती २०१४ मध्ये छापून आली. एकूण अलार्म २५ लाखांवर, त्यातले कानाला ऐकू येणारे दर खाटेमागे दिवसाला १८७. ठोक्यांच्या अनियमितपणाचे जे अलार्म तपासले, त्यातले जवळपास ८९ टक्के खोटे निघाले.

माणूस अशा आवाजाचं काय करतो? कमी करतो. आम्हीही केला होता. एका रात्री तिघी मिळून नऊ पेशंट, आवाज तळाला नेलेला. पहाटे फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, ते पाच नंबर लाल दिसायलंय." सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, सत्तरच्या घरात, श्वासाच्या नळीत कफ अडकलेला. सक्शनने तो ओढून काढला, पेशंट वाचले. पण ते मावशींमुळे वाचले, मॉनिटर कितीतरी वेळ हळू आवाजात वाजतच होता.

म्हणून तुमचा प्रकल्प स्पीकरपासून सुरू करू नका. खोटा अलार्म उगवतो कुठे ते बघा. बीपी मोजायचा दंडाचा पट्टा आणि बोटातला प्रोब एकाच हाताला लावला की पट्टा फुगताना बोटाचा रक्तपुरवठा तुटतो आणि सॅच्युरेशन 'पडतं'. दर पंधरा मिनिटांनी, रात्रभर. हृदयाचे ठोके टिपणारे छातीवरचे चिकट इलेक्ट्रोड घामाने सुटतात किंवा जेल वाळते. मे महिन्यात एसी दमला की विचारूच नका. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये इलेक्ट्रोड रोज बदलून पाहिले, तर दर खाटेमागचे अलार्म ४६ टक्क्यांनी उतरले. खर्च तेवढ्या स्टिकरांचा.

मग मर्यादा, म्हणजे कोणत्या आकड्याखाली अलार्म वाजायचा ते. जन्मभर विडी ओढून फुप्फुसं झिजलेल्या आजोबांसाठी डॉक्टरच सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायला सांगतात. मॉनिटरची मर्यादा मात्र कंपनीकडून आलेली ९०! पेशंट ठरवलं तसा आहे आणि यंत्र रात्रभर कोकलतंय. पेशंट घेताना, राउंडला आणि ड्युटी बदलताना 'याची मर्यादा काय?' असं मॉनिटरने स्वतः विचारलं, आणि ती दोन बटणांत बदलता आली, तर मी तुमचे पाय धरेन. सध्या मेनूत सहा पायऱ्या उतराव्या लागतात.

तिसरं, थोडं थांबणं. पेशंट खोकला, कूस बदलली की आकडा घसरतो आणि स्वतःच सावरतो. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की १९ सेकंद थांबून वाजवलं, तर निरुपयोगी आणि दुर्लक्षित अलार्मपैकी ६७ टक्के उडतील. ठोके थांबण्याच्या अलार्मला मात्र एक सेकंदही उशीर नको. तिथे चूक झाली तरी आम्ही धावायला तयार आहोत.

आता सूर. पल्स ऑक्सिमीटरचा, म्हणजे त्या बोटातल्या प्रोबच्या यंत्राचा, टिक-टिक आवाज सॅच्युरेशन उतरलं की खाली येतो. त्यासाठी वर बघावंही लागत नाही, वडिलांच्या मागासारखं कानाला कळतं. वैद्यकीय अलार्मच्या आंतरराष्ट्रीय मानकाने आधी अलार्मच्या प्रत्येक प्रकाराला छोटी धून दिली होती. त्या कुणाच्या लक्षात राहिनात. २०२० च्या दुरुस्तीत अर्थ सांगणारे आवाज आले, हृदयासाठी धडधड, औषधासाठी गोळ्यांची बाटली हलवल्यासारखा खुळखुळाट. हे मला पटतं. तुम्ही इथून पुढे जा.

आणि तुमचा मूळ प्रश्न. वॉर्डातला गोंगाट मोजून आवाज आपोआप कमी-जास्त व्हावा, आणि ठरलेल्या पातळीखाली तो कुणालाच नेता येऊ नये. आम्हालाही.

बनवायला घेण्याआधी परवानगी काढून एक रात्र आयसीयूत बसा. वहीत दोनच रकाने: काय वाजलं, आणि त्यावर कुणी काय केलं. दुसरा रकाना जिथे रिकामा राहील, त्या ओळी मला पाठवा, मग पुढचं बोलू.