‘फंजिबल’ वापरायला लागताना

भावा, ‘फंजिबल’ (fungible) या इंग्रजी शब्दाचा ‘बदलता येण्याजोगा’ एवढा अर्थ वाचून थांबू नकोस. बदलता तर सायकलची ट्यूबही येते. फंजिबल म्हणजे एकाच्या जागी तेवढंच दुसरं दिलं तरी देणं पुरतं फिटतं.

शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर उसनी आणलीस, आठवड्यानं वाटीभर परत दिलीस. तेच दाणे कोण मागतंय? साखर फंजिबल. पण मावशीनं लग्नापुरता आईचा कोल्हापुरी साज नेला, तर तोच परत यायला हवा. तेवढ्याच वजनाचं दुसरं सोनं चालणार नाही. आणि तोच साज वितळवून शुद्ध सोन्याची लगड केली, की सोनं पुन्हा फंजिबल! हे नीट पचव, निम्मं काम झालं.

एम-३० ही साखरेची एक ठरलेली प्रत. तिचं पोतं नुसती प्रत सांगून घेता येतं. गुळाच्या सौद्यात मात्र रंग, कण बघूनच बोली लागते. म्हणजे हा गुण कमीजास्तही असतो.

सुरुवातीच्या चुका:

- ‘फंगिबल’ म्हणू नकोस. बुरशीच्या फंगसशी नातं नाही. मूळ लॅटिन, ‘काम पार पाडणे’ या अर्थाचं.
- टाकाऊ वस्तूला हा शब्द लावू नकोस. तिथं ‘डिस्पोजेबल’.
- माणसांना जपून लाव. कामगारांना फंजिबल म्हटलं की ते मनाला लागतं.

‘मनी इज फंजिबल’ हे वाक्य आधी पक्कं कर. बाबांनी फीसाठी पैसे दिले, म्हणून तुझे साठवलेले मोबाइलला मोकळे झाले, तेच हे.

कायद्यातला आणि क्रिप्टोतला वापर आत्ता नको. घरातल्या पाच वस्तूंवर वाक्यं करून दाखव, मी तपासतो.