पैठण : नाथांचं घर नेमकं कोणतं?

"नदीकाठचं मोठं मंदिर हेच नाथांचं घर ना? दोन तासांत काय बघावं?" असं तुम्ही विचारलंय.

नाही हो, निम्मे लोक इथंच चुकतात. गोदाकाठी आहे ती समाधी. एकनाथ महाराज राहायचे तो वाडा गावात आहे. आता तिथंही मंदिरच आहे, म्हणून घोळ होतो. रिक्षावाल्याला नुसतं 'नाथमंदिर' म्हणालात तर तो समाधीवर नेऊन सोडेल. 'गावातले नाथ' म्हणा, म्हणजे बरोबर पोचाल.

देव्हाऱ्यात नाथांच्या पूजेतला विजयी पांडुरंग आहे. त्याचं दर्शन घ्या, पण खरं थांबायचं ते रांजणापाशी. द्वारकेचा कृष्ण श्रीखंड्या होऊन बारा वर्षं या घरात राबला, कावडीनं गोदेचं पाणी आणून हाच रांजण भरायचा, अशी श्रद्धा आहे. श्रीखंड म्हणजे चंदन. पूजेचं गंधही तोच उगाळायचा. अजूनही तुकाराम बीजेपासून लोक रांजणात पाणी ओततात आणि तो भरून वाहिला की देव येऊन गेला म्हणतात.

लहानपणी आत्यानं मला एकदा त्या रांगेत उभं केलं होतं. हातात तांब्याची कळशी. रेटारेटीत निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं, मी रडकुंडीला आलो. आत्या म्हणाली, "रडतो कशाला? ऱ्हायलंय तेवढं वत." ओतलं. आत पडल्याचा आवाजसुद्धा गलक्यात ऐकू आला नाही.

नाथ संसारी संत. गिरिजाबाई, दोन मुली, मुलगा हरिपंडित. कवी मुक्तेश्वर हा मुलीचा मुलगा. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून नाथांनी १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही पैठणातच. मला विचाराल तर समाधीआधी वाडा बघावा. लोक उलटं करतात, मग पैठणी आणि जायकवाडीच्या नादात वाडा राहूनच जातो.

संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. नाथषष्ठीला, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीला, दिंड्यांची एवढी गर्दी असते की दोन तासांत काहीच होणार नाही. निवांत बघायचं तर ते दिवस टाळा. रांजणात पाणी घालायचं असेल तर मात्र बीज ते षष्ठी याच दिवसांत या. कळशी घरूनच आणा, आणि लेकरं सोबत असतील तर त्यांच्यासाठी लहानशी वेगळी.