लोकांच्या बोलण्यातली कोणती पालुपदं तुमच्या डोक्यात जातात? आणि ती सवय मोडता येते का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातला एक जण दर वाक्याला 'समजतंय का?' म्हणतो आणि त्या नादात त्याचं पुढचं काहीच तुम्हाला समजत नाही. तुमचं दुःख मला कळतं. मी नाशिकला रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून द्यायचं काम करते. सभा, व्याख्यानं, मुलाखती, येईल ते. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार-पाच तास जातात, कारण प्रत्येक वाक्य मागे-पुढे करत दोन-तीनदा ऐकावं लागतं.

माझ्याकडे पहिला नंबर 'त्या ठिकाणी'चा. "सभासदांनी त्या ठिकाणी जो काही विषय मांडला, त्यावर आपण त्या ठिकाणी निर्णय घेतलेला आहे." ठिकाण कोणतं ते विचारायचं नाही. एका वार्षिक सभेचं टाइप करताना मी वहीत रेघा मारत बसले होते. साठ झाल्या तेव्हा अध्यक्षांचं प्रास्ताविकच चालू होतं, मग पेन ठेवून दिलं. याचं टीव्हीवरचं भावंड म्हणजे 'जी काही' आणि 'पाहायला मिळतंय'. २०१५च्या सिंहस्थात रामकुंडावरून रोज ऐकायचो, "भाविकांची जी काही गर्दी आहे, ती आपल्याला मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळते आहे." अरे बाबा, 'खूप गर्दी आहे' म्हण आणि मोकळा हो! ही माणसं शब्द सुचत नाही म्हणून अडलेली नसतात. साध्या वाक्याला भारदस्तपणा यावा म्हणून भर घालतात, आणि तेच डोक्यात जातं.

कॉलेज रोडच्या कॅफेतलं 'ॲक्च्युअली' आणि 'बेसिकली' मला तेवढं टोचत नाही. पोरं वयानुसार बदलतील.

खऱ्या अडखळण्याबद्दल मात्र माझं मत या कामानेच बदललं. पालुपद हा शब्द मुळात गाण्यातला, फिरून फिरून जिच्याकडे यायचं ती ओळ. गाथेत तिथे 'ध्रु' अशी खूण असते. हिंदीत याला तकिया कलाम म्हणतात, बोलता बोलता टेकायला घेतलेली उशी. टेकणाऱ्याला टेकू द्यावं. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अभ्यासकांनी २००२ साली इंग्रजी बोलण्याबद्दल असं मांडलं की 'अ' आणि 'अम्' हा नुसता कचरा नसतो. पहिला छोट्या खंडाची सूचना देतो, दुसरा मोठ्या. म्हणजे ऐकणाऱ्याला सांगणं असतं, थांब, माझं संपलेलं नाही.

आमच्या निफाडच्या मामांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचा फोन आला आणि "मी काय म्हणू राहिलो, अक्का..." म्हणून ते थांबले, की आई हाताने मला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगते. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्या थांबण्यानंतर औषधांची उधारी येते, उन्हाळ्यात एखादं स्थळ. नुसतं 'काय म्हणतो' आलं तर विशेष काही नाही. 'म्हणू राहिलो' लांबलं, तर रक्कम मोठी.

आणि आईचं स्वतःचं 'हे'! "ते हे आण गं, त्या ह्याच्यावर ठेवलंय." मी मुकाट कुकरची शिट्टी नेऊन देते आणि ती बरोबर असते. मराठीत 'हे' काहीही होऊ शकतं. भाजी जरा हे कर, तो माणूस जरा हेच आहे, आणि नाव घ्यायचं नाही म्हणून नवराही 'आमचे हे'. एवढं काम करणाऱ्या शब्दाला निरर्थक कसं म्हणायचं?

तुमच्या सहकाऱ्याचं 'समजतंय का?' वेगळ्या जातीचं आहे. तो स्वतःसाठी वेळ घेत नाही, तुमच्याकडून मान डोलावून घेतो. 'मामा, समजतंय का?' असं आमच्याकडे कोणी मामांना म्हणणार नाही. हा प्रश्न बहुतेक वरून खालीच येतो. एकदा "नाही समजलं, परत सांगा" असं शांतपणे म्हणून बघा. दोन-तीनदा सगळं परत सांगावं लागलं की माणूस आपोआप कमी विचारतो. मी एका क्लाएंटवर हे केलंय.

स्वतःची सवय मोडायची असेल तर फोनवर पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ऐका. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबच्या सभेत तर 'अ-अ' मोजायला एक माणूसच बसवतात. मोजल्याने फरक पडतो. फक्त शब्द गिळला की तिथे दुसरा आणायचा नाही, गप्प राहायचं. हेच अवघड आहे.

मला ते अजून पूर्ण जमलेलं नाही. माझं पालुपद 'बरोबर, बरोबर'. मध्यंतरी जुन्या नाशकात तांब्याची भांडी मठारणाऱ्या एका आजोबांची मुलाखत टाइपही मीच करणार होते आणि प्रश्नही मीच विचारत होते. कोणत्या हातोडीने काय करायचं ते सांगता सांगता घागरीच्या गळ्यापाशी आले. तिथे आत धरायच्या एका अवजाराचं नाव त्यांना आठवेना. "त्याला आमच्यात... काय म्हणतात त्याला..." रेकॉर्डिंगमध्ये त्यांची बोटं लाकडावर वाजताना ऐकू येतात. दोन सेकंद. लगेच माझा आवाज, "हं, बरोबर, बरोबर." मग आजोबा म्हणतात, "तर ते असो", आणि कल्हईवर जातात.

टाइप केलेल्या प्रतीत त्या जागी तीन टिंबं आहेत.